काळ्या ओठाची पन्हळ

सोहखाम गावात किटली घासतात ती तोटीचे टोक सोडून. बाकीची किटली राखेने घासून लखलखीत करतील, पण टोकावरच्या बोटभर काजळीला हात लावणार नाहीत. नवा जावई गावात राहायला आला आणि सासूवर छाप पाडायला भांडी घासायला बसला, तर त्याला पहिली ताकीद मिळते ती हीच. ही पद्धत पाडली बाह लोस्टारने. 'बाह' हे इथे कुठल्याही पुरुषाला मानाने लावतात; पण लोस्टारच्या नावाआधी ते मानाने लागायला बावीस वर्षे जावी लागली.

लोस्टार मूळचा इथला नव्हे. त्याचे माहेर (जयंतिया डोंगरात माहेर असते ते पुरुषाला) वर पठारावर, बटाट्याच्या मुलखात. चोविसाव्या वर्षी बायोलिनशी लग्न करून तो उतरणीवरच्या या गावात, सासूच्या घरी आला. बायोलिन ही मेइ ('मेइ' म्हणजे आई) सिल्बीची धाकटी मुलगी, म्हणजे घर आणि पानमळा पुढे तिच्याकडेच येणार. लोस्टारने बरोबर आणले होते काय, तर एक पत्र्याची ट्रंक, एक कोयता आणि पाइनच्या ढलप्यांची मोळी. राळेने चिकट झालेल्या ढलप्या. चूल पेटवायला यांच्यासारखे दुसरे काही नाही, असे पठारावरची माणसे छातीवर हात ठेवून सांगतात.

मेइ सिल्बीचा धाकटा भाऊ मामा जेस ओट्यावरच बसला होता. बहिणीच्या घरात शब्द मामाचा चालायचा.

"हे काय आणलंस रे?"

"ढलप्या, मामा. झटकन पेट घेतात."

"आणि धूर किती करतात! झटकन पेटतं ते झटकन विझतंही. पठारावरचे जावई मी बघितलेत. अळवावरचं पाणी नुसतं! सकाळी चकाकतं, दुपारी बघावं तर ओघळून गेलेलं."

ओट्यावर हशा पिकला. लोस्टारही हसला. चिकटत नाही म्हणून ठेवलेले ते नाव त्याला मात्र असे चिकटले, की गावात त्याला 'अळवावरचं पाणी' म्हणूनच ओळखू लागले. पुढे पुढे नुसते 'पाणी' म्हणायचे. "पाण्या, बाजाराला येतोस का?" अशी हाक आली की तो ओ द्यायचा.

सोहखामला पावसाळ्यात पाण्याचे कौतुक कुणालाच नसते. डोंगराच्या पोटाला लटकलेले गाव. पाऊस लागला की माणसे आठ-आठ दिवस एकमेकांशी ओरडूनच बोलतात. पण नोव्हेंबर उजाडला की आभाळ कोरडे होते, आणि पोफळीवर चढवलेल्या पानवेलींना मार्चपर्यंत जगवायचे ते वरच्या झऱ्याने. बांबू उभा चिरून त्याच्या पन्हळी करायच्या, त्या बेचक्यांवर टेकवत झऱ्यापासून खाली आणायच्या. एका पन्हळीचे पाणी दुसरीत पडते, दुसरीचे तिसरीत, वाटेत फाटे फुटतात, आणि शेवटी प्रत्येक वेलीच्या मुळाशी थेंब-थेंब टपकत राहते.

हे थेंब मोजायची रीतही ठरलेली होती. ओल्या सुपारीची फोड, अर्धे पान आणि चुन्याचे बोट, असा विडा म्हणजे क्वाय. पाहुण्याला पाण्याच्या आधी क्वाय, आणि वाट किती लांब असे विचारले तर उत्तर येणार, "दोन क्वाय." तसेच पाण्याचे. क्वाय तोंडात टाकायचा आणि तो चावून संपेपर्यंत शेवटच्या टोकावरून किती थेंब पडले ते मोजायचे. शंभर झाले की सुपारीचे एक साल पुढ्यात ठेवायचे. मेइ सिल्बीच्या मळ्यात ही मोजणी मामा जेस करायचा. दरवर्षी, जानेवारीतला पहिला बाजार झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी, खालच्या मळ्यात दगडावर बसून. आणि दरवर्षी त्याच्यापुढे तीन साले मांडलेली असायची.

खालचा मळा लोस्टारने स्वतः लावलेला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी झाडी साफ करून, दगड रचून, शंभर पोफळींवर त्याने वेली चढवल्या. बायकोच्या घरात राहणाऱ्या माणसाला आपले म्हणून दाखवायला फार थोडे असते. लोस्टारकडे हा मळा होता.

आणि वीस-एकवीस वर्षांनी तोच पिवळा पडू लागला. आधी टोकाच्या दोन रांगा, मग पुढची चार. पाने लहान झाली, कडा करपल्या. लोस्टारने स्वतः क्वाय लावून थेंब मोजले, तर साले भरली दीड. त्याने मामाला सांगितले.

"दीड?" मामा जेस म्हणाला. "तू पठारावरचा, तुला क्वाय चावता कुठं येतो? घास गिळल्यासारखा गिळतोस. मी परवाच मोजलं. तीन. माझी मोजणी कधी चुकली आहे?"

ती चुकल्याचे कुणाला आठवत नव्हते. मग पाणी पूर्वीइतकेच आणि वेली मरतात, याचा अर्थ एकच निघत होता, आणि तो त्या जानेवारीत एका सकाळी स्वयंपाकघरात चुलीभोवती बसून मामाने बोलून दाखवला. बायोलिनची थोरली बहीण आणि तिचा नवरा बाह हेप हेही बोलावलेले होते.

"पाणी तेवढंच आहे. ऊन तेवढंच आहे," मामा म्हणाला. "मग बदललं काय? माणसाचा हात. खालच्या मळ्यावर हात फिरत नाही. दोन बाजार वाट बघू. तोवर पानं सुधारली तर ठीक, नाहीतर खालचा मळा हेप बघेल."

दोन बाजार म्हणजे सोळा दिवस. इथे बाजार आठव्या दिवशी भरतो. लोस्टारने चुलीतल्या निखाऱ्यांकडे नजर लावली.

बायोलिन ताडकन म्हणाली, "मामा, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत हा माणूस तिथं असतो. हात फिरत नाही म्हणजे?"

"असतो गं. पण करतो काय? थेंब मोजत बसतो, तेही चुकीचे."

मेइ सिल्बी म्हणाली, "चहा द्या आधी. भांडायला घसा ओला लागतो."

बैठकीसाठी म्हणून बायोलिनने आदल्या दिवशी किटली राखेने घासून चांदीसारखी केली होती. वर्षानुवर्षांची काजळी गेली होती. तिने ती उचलली आणि मामाच्या पेल्यात लाल चहा ओतायला वाकवली. निम्मा चहा पेल्यात पडला. उरलेला तोटीच्या ओठावरून मागे वळला, तोटीच्या पोटाला बिलगून खाली आला आणि मामाच्या नव्या शालीवर सांडला.

"अगं, अगं! भाजलं! मळ्याचा राग माझ्यावर काढतेस होय!"

"मी कशाला काढू? ही मेली किटलीच... एवढी वर्षं कधी गळली नाही!"

सगळे शालीच्या मागे लागले. लोस्टार मात्र किटलीकडे बघत होता. त्याने ती बायोलिनच्या हातातून घेतली आणि रिकाम्या भांड्यात हळूहळू ओतून पाहिली. चहा पुन्हा तोटीला बिलगून मागे आला. त्याने पुन्हा ओतला. पुन्हा. थोरली मेव्हणी बहिणीच्या कानात म्हणाली, "याला जरा वारा घाल गं. धक्का बसलाय."

"काजळी होती तेव्हा गळत नव्हती," लोस्टार स्वतःशीच म्हणाला, आणि किटली खाली ठेवून कुणाला काही न सांगता मळ्याकडे निघाला.

वरच्या झऱ्यापासून त्याने सुरुवात केली. आजवर तो पन्हळीत बघत आला होता, वरून. आता त्याने खालून हात घातला. पहिल्या पन्हळीचे पोट ओले. दुसरीचे ओले. जिथे एका पन्हळीचे पाणी दुसरीत पडायचे, तिथे ते सगळे पडतच नव्हते. थोडे पाणी बांबूच्या ओठावरून मागे वळत होते, पोटाला चिकटून हातभर उलटे जात होते आणि भलत्याच जागी खडकावर टपकत होते. नव्या बांबूच्या अंगावर मेणचट पांढरी भुकटी असते, ती पाण्याला सोडून देते. हे बांबू उन्हापावसाने भुरे झाले होते, शेवाळले होते, आणि पाण्याला धरून ठेवत होते. झऱ्यापासून खालच्या मळ्यापर्यंत असे एक्केचाळीस ओठ होते. प्रत्येकाने घोट-घोट पाणी चोरायचे ठरवले, तर शेवटच्याला काय उरणार?

बांबू बदलावेत तर ते तोडायचे दिवस उलटून गेले होते. लोस्टार झऱ्याकाठी बसला. समोर अळूची पाने होती आणि त्यांवर सकाळचे दव अजून होते. दवाचे थेंब पानावर पसरले नव्हते; मोती होऊन बसले होते, आणि जरा वारा लागला की मागे ओल न ठेवता घरंगळत होते. ज्या पाण्यावरून त्याला बावीस वर्षे चिडवले, ते त्याने त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले.

त्याने अळूचे पान फाडून पन्हळीच्या ओठाखाली वेताने बांधले. पाणी ओठापर्यंत आले, क्षणभर थांबले, आणि मागे न वळता सरळ धार धरून पुढच्या पन्हळीत पडले.

दोन दिवसांत त्याने एक्केचाळीस ओठांना पाने बांधली. तिसऱ्या दिवशी ती वाळून चोळामोळा झाली. बाह हेप वाटेने जाताना म्हणाला, "पाण्या, बांबूला लंगोट बांधलेस ते छान केलंस. पण धुवायचे कधी?"

मग काजळी. लोस्टारने काजळी पाण्यात कालवून फासली. ती तासाभरात वाहून गेली. रानमधाच्या पोळ्याचे मेण लावले. पाणी थोडे बरे वागले, पण हळू धार अजून मागे वळत होती. मग मेणावर काजळी लावली आणि ती पक्की बसावी म्हणून अंगठ्याने घासघासून चकचकीत केली. ओठ बुटासारखा चमकू लागला, आणि पाणी पुन्हा पोटाला चिकटले. तोवर एक बाजार होऊन गेला होता. आठ दिवस उरले.

त्या सुमारास शिलाँगच्या कॉलेजातली एक प्राध्यापिका गावच्या शाळेत उतरली होती. इबानरी तिचे नाव; सगळे तिला 'काँग', म्हणजे ताई, म्हणायचे. घटपर्णीची आणि अळूची पाने गोळा करत हिंडायची. झऱ्यापाशी तिला लोस्टार दिसला. काळे हात, काळे नाक, आणि पुढ्यात काळ्या बांबूंची रांग.

"बाह, हे काय चाललंय?"

"अळू बनवतोय," लोस्टार म्हणाला. "बनत नाही."

ती हसली नाही. त्याच्याजवळ बसली आणि पिशवीतून एक भिंग काढून तिने आपल्या फोनला लावले. अळूचे पान त्याखाली धरले. "बघा."

लोस्टारने पाहिले. हाताला मऊ लागणारे पान टेकड्याच टेकड्यांनी भरले होते, आणि काठाशी एक थेंब त्या टेकड्यांच्या माथ्यांवर बसला होता. खाली दऱ्यांत नुसती हवा.

"पाण्याला टेकायला माथे तेवढे मिळतात," ती म्हणाली. "दरीत ते उतरतच नाही, मग धरणार कशाला? आमच्या प्रयोगशाळेत हेच करायचा खटाटोप चाललाय. आता तुमचा बांबू दाखवा."

चकचकीत काळा ओठ भिंगाखाली गेला. शाळेच्या मैदानासारखा सपाट.

लोस्टारने आपल्या अंगठ्याकडे पाहिले. "म्हणजे टेकड्या मीच घासून काढल्या."

"तुम्हीच."

"काँग," तो उठत म्हणाला, "आमच्या घरी चला. क्वाय खा. मला ढलप्या पेटवायच्या आहेत."

लग्नानंतर दरवर्षी तो माहेराहून पाइनच्या ढलप्या आणत असे आणि दरवर्षी मामा त्यांच्या धुराच्या नावाने खडे फोडत असे. तोच धूर आता हवा होता. दाट, काळा, पिठासारख्या बारीक काजळीचा. ओठाच्या खालच्या बाजूला मेणाचा पातळ हात द्यायचा, ते मऊ असतानाच पेटत्या ढलपीच्या धुरावर बांबू धरायचा, काजळी आपसूक बसू द्यायची. आणि मग हात लावायचा नाही. हेच सगळ्यात अवघड होते. पहिल्या ओठावर त्याचा अंगठा तीनदा पुढे गेला आणि तीनदा बायोलिनने त्याच्या हातावर चापट मारली.

काँग इबानरीने बोटाने पाण्याचा एक थेंब त्या काळ्या मखमलीवर सोडला. थेंब उडाला, गोल झाला, मण्यासारखा घरंगळत गेला आणि जमिनीवर फुटला. ओठावर ओलीची खूणही राहिली नाही. प्राध्यापिका असून ती लहान मुलीसारखी ओरडली.

नवरा-बायको सकाळी उजाडताच निघायची. रोज पाच-सहा ओठ उतरवायचे, कडा कोयत्याने धारदार तासायची, मेण, धूर, पुन्हा बेचकीवर. सातव्या दिवशी एक्केचाळिसावा ओठ बसला. दोघांचे चेहरे असे झाले होते की मेइ सिल्बी म्हणाली, "जेवायला बसा, पण कोण कोण आहे ते आधी सांगा."

सोळाव्या दिवशी सकाळी मामा जेस मोजणीला आला. मागोमाग हेप, थोरली मेव्हणी, काठी टेकत मेइ सिल्बी, काँग इबानरी, आणि काही काम नसलेले निम्मे गाव. टोकाच्या वेलींवर पोपटी कोंब वर आले होते, नखाएवढे. पण मामाने वेलींकडे पाहिले नाही. तो आपल्या दगडावर बसला.

"मीही मोजू का, मामा?" लोस्टारने विचारले.

"मोज. गिळू नकोस म्हणजे झालं."

बायोलिनने दोघांना एकसारखे क्वाय लावून दिले. दोघांनी एकदम तोंडात टाकले. शेजारशेजारच्या दोन टोकांवरून थेंब पडू लागले. टप, टप, टप, घाईला आल्यासारखे.

पहिले साल पडले. दुसरे. तिसरे साल मामाने ठेवले आणि लोस्टारनेही. त्याच वेळी लोस्टारने हात झटकले. "माझा क्वाय संपला. तीन."

मामाचा गाल अजून टम्म फुगलेला होता. त्याने मान हलवली आणि मोजत राहिला. चौथे साल पडले. पाचवे. लोक पुढे सरकले. सहावे साल ठेवून मामाने एकदाचा चोथा थुंकला आणि पुढ्यातल्या सालांकडे बघत राहिला.

"सहा," तो म्हणाला. "सहा कशी? मळा लावला तेव्हा, झरा तुडुंब होता तेव्हासुद्धा तीन होती. हा माणूस डोंगरातून जास्तीचं पाणी काढतो की काय?"

"पाणी तेव्हाचंच आहे, मामा," लोस्टार म्हणाला. त्याला कळले होते. पण मामाला ते तोंडावर सांगणे त्याच्याकडून झाले नसते.

ते काम बहिणीने केले. मेइ सिल्बी काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "जेस, तोंड उघड."

"काय?"

"तोंड उघड म्हणते. आ कर."

सत्तरीच्या भावाने मोठ्या बहिणीपुढे आ केला.

"एक, दोन, तीन... चार. मळा लावला तेव्हा तुझ्या तोंडात दात किती होते रे?"

"सगळे होते. सुपारी फोडायचो दातांनी."

"आणि आता चार. वर दहा वर्षं झाली, मी म्हणते क्वाय कुटून खा, तर तुझा ताठा! चघळत बसतोस तासन् तास. दात पडत गेले तसा तुझा क्वाय लांबत गेला. पाणी आटत गेलं तरी तुझी सालं आपली तीनच. मोजत होतास स्वतःचे दात, आणि बोल लावलास माझ्या जावयाला!"

सगळ्यात आधी हेप हसला, आणि मग सगळा मळाच हसू लागला. इतका, की काँग इबानरीला पोफळीला धरून उभे राहावे लागले. मामा जेस लाल झाला. मग त्याचेही खांदे हलू लागले आणि चार दात दिसले.

हसू ओसरल्यावर तो उठला. लोस्टारने बसवलेल्या शेवटच्या पन्हळीपाशी गेला. वाकून त्याने काळ्या ओठाकडे बोट नेले.

"हात नका लावू, मामा!" बायोलिन आणि लोस्टार एकदम ओरडले.

मामाने बोट मागे घेतले. पाणी ओठावर येत होते आणि मागे वळूनही न बघता उडी घेत होते.

"अळवावरचं पाणी," तो म्हणाला. यावेळी कुणी हसले नाही. "बावीस वर्षं तुला नाव ठेवलं, आणि बरोबर ठेवलं. कुठं चिकटून वाया जात नाही ते पाणी. हेप, तुझा तू मळा सांभाळ. हा याचा आहे."

मग त्याने खांद्यावरची क्वायची जुनी झोळी काढली. तीत सुपारी कापायची सुरी होती, चुन्याची डबी होती, आणि मोजणीची साले बांधून ठेवलेला फडक्याचा तुकडा होता. ती त्याने लोस्टारच्या गळ्यात अडकवली.

"आजपासून मोजणी तुझी, बाह लोस्टार."

लोस्टारला 'बाह' त्याने आयुष्यात पहिल्यांदा म्हटले. त्यावर बोलली ती मेइ सिल्बीच.

"घे. पण दरवर्षी मोजायला बसण्याआधी माझ्यासमोर आ करायचा."

पुढच्या नोव्हेंबरात मामा जेसने, कुणी न सांगता, पठारावरून पाइनच्या दोन मोळ्या मागवल्या. त्यानंतर दोन वर्षांत गावातल्या प्रत्येक मळ्याच्या पन्हळींना काळे ओठ आले. काँग इबानरी दर हिवाळ्यात विद्यार्थी घेऊन येते. ते ओठांचे फोटो काढतात, थेंबांचे कोन मोजतात, आणि लोस्टार त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतो, की अंगठा खिशात ठेवा.

आज तो अठ्ठावन्नचा आहे. खालच्या मळ्यातली पाने तळहाताहून मोठी होतात. जानेवारीतला पहिला बाजार झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी तो मामाच्या दगडावर बसतो, झोळीतून क्वाय काढतो आणि मोजतो. तीन साले भरतात. यंदा त्याची डावीकडची एक दाढ पडली. मोजायला बसण्याआधी त्याने ते आपणहून बायोलिनला सांगितले, आणि क्वाय कुटून घेतला.